कोरड्या विहिरीचा मान

आंजी मोठी गावात कोणाचं वावर कुठे आहे हे सांगायचं झालं, की लोक बंडूजींच्या विहिरीपासून सुरुवात करत. कोरड्या विहिरीच्या अलीकडचं, कोरड्या विहिरीवरून उजवीकडे वळून, कोरड्या विहिरीपासून दोन धुरे, म्हणजे बांध, सोडून. तलाठ्याला, पोस्टमनला, गावात नव्यानं आलेल्या सुनेला, सगळ्यांना एवढी खूण पुरे. विहीर ज्यांच्या नावावर होती त्या बंडूजींच्या गळ्याखाली मात्र ही कीर्ती वीसेक वर्षं झाली तरी उतरली नव्हती.

विहीर खोदली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. पाणी पाहायला पुलगावकडचे भैयाजी आणले होते. भैयाजी तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून चालत आणि पाणी असेल तिथे नारळ उभा राही. बंडूजींच्या वावरात तो असा ताडकन उभा राहिला, की खुद्द भैयाजीही दचकले. चाळीस फुटांवर पाणी, म्हणाले. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. साठावर भैयाजी म्हणाले, अजून दोन हात. ऐंशीवरही म्हणाले, अजून दोन हात. मधे सरकारी माणसं यंत्र लावून, माना हलवून गेली. ती मान हलवून गेली म्हणूनच बंडूजी चिडून आणखी खाली गेले. शेवटी शंभराच्याही खाली पोहोचल्यावर खोदणारेच म्हणाले, "मालक, आता वरून जेवाले बलावलं तं आयकू येत नाई," आणि काम थांबलं.

पावसाचं पाणीदेखील त्या विहिरीत टिकत नसे. कुठल्या फटीतून जाई ते देवालाच ठाऊक. पाण्याआधीच आणून ठेवलेली मोटर पोत्यात बांधून माळ्यावर गेली. वीजजोडणी मागितल्यावर काही वर्षांनी मिळाली, तीही पाण्याअभावी पडून राहिली. आणि धुऱ्यापलीकडे ज्याचं वावर होतं त्या तानबानं, म्हणजे बंडूजींच्या चुलतभावानं, पानठेल्यावर चारचौघांत विहिरीचं 'कोरडी विहीर' असं बारसं केलं.

घरात त्याहून अवघड गोष्ट होती. खोदकाम चालू असतानाच बंडूजींच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, मारुतीपुढे बोलून ठेवलं होतं, विहिरीला पाणी लागेपर्यंत पुरणपोळी खाणार नाही. त्यांना वाटलं, प्रश्न पंधरा दिवसांचा आहे. पोळा तोंडावर होता, तोवर लागेलच. तेव्हापासून कितीतरी पोळे आले आणि गेले. दर पोळ्याला त्या पुरण वाटत, पोळ्या करत, घराला आणि बैलांना खाऊ घालत आणि स्वतः भाकर घेऊन बसत. पुरण जमलंय की नाही ते दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखत. कधी कुरकुरल्या नाहीत. कुरकुरल्या असत्या तर बंडूजींना बरं वाटलं असतं.

अशा या विहिरीच्या काठावर एका उन्हाळ्यात वर्षाली आली. पोरगी जवळच्या पिपरी मेघेची, बापाचं कापडाचं दुकान, पण ती शिकत शिकत पार कुठल्या कुठे, मोठ्या संशोधन संस्थेत जाऊन पोहोचलेली. सोबत दोन साहेब, दोर आणि दिवा. एक माणूस आत उतरला, भिंतींना हात लावत लावत तळापर्यंत गेला आणि वर येऊन म्हणाला, "एकदम कोरडी आहे." ते ऐकून सगळ्यांचे चेहरे फुलले.

बंडूजींना वाटलं, आता शहरातूनही लोक चेष्टा करायला येऊ लागले.

"खरंच मस्त विहीर आहे, काका," वर्षाली म्हणाली. "अशी खोल, पाषाणातली आणि ठणठणीत कोरडी. दोन जिल्ह्यांत शोधून राह्यलो आम्ही."

विहीर खोदल्यापासून तिच्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. बंडूजींनी गमछ्यानं तोंड पुसलं. नुसतं तोंडच पुसलं असं म्हणता येणार नाही.

मग तिनं काम समजावून सांगितलं. सूर्य, तारे, माती, माणसं मिळून जेवढं काही दिसतं, त्याच्या पाचपट असं काहीतरी या विश्वात आहे जे दिसत नाही, नुसती त्याच्या वजनाची ओढ जाणवते. त्याला डार्क मॅटर म्हणतात. ते कशाचं बनलंय कोणालाच माहीत नाही. बरेच लोक म्हणतात, हलक्या कणांचं. वर्षालीची मंडळी म्हणत होती, कदाचित फार जड कणांचं असेल. अणूहून लहान आणि वजन मात्र धुळीच्या कणाएवढं.

"धुळीच्या कनाचं असून असून वजन किती असन?" बंडूजी म्हणाले.

"अणूच्या मानानं पाहा ना, काका. मोहरीच्या दाण्यात डोंगर भरल्यासारखं झालं. आता इतके जड म्हटल्यावर ते असणारही मोजकेच. एखादा कधीतरी येणार आणि पृथ्वीतून सरळ रेषेत आरपार निघून जाणार. दगड लागो, पाणी लागो, थांबणार नाही. वर आभाळातून दुसरे कण सारखे पडत असतात, त्या गलक्यात त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून जमिनीखाली जाऊन बसायचं. मोठी यंत्रं तर किलोमीटरभर खोल खाणीत असतात. आपलं चाचणीपुरतं आहे."

"अन् येते कधी थो?"

"उद्या येईल. नाहीतर शंभर वर्षांनी."

"अन् नाईच आला तं?"

"तरी छापून येते. इतका वेळ, इतक्या जागेत पाहिलं, नाही दिसला. कुठे नाही ते कळणं हासुद्धा शोधच आहे."

बंडूजींनी विहिरीत डोकावून पाहिलं. "मंग माह्या इहिरीचं बी छापून याले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

महिन्याभरात विहिरीचा कायापालट झाला. तोंडावर टिनाचं शेड आलं, बाजूला सोलरच्या पाट्या आल्या. आत वरपासून खालपर्यंत लोखंडी सांगाडा आणि त्यात जेवणाच्या डब्यासारख्या एकावर एक स्टीलच्या टाक्या. टाक्यांत वेगळ्या प्रकारचं तेल होतं. कण त्यातून गेला की तेल किंचित चमके आणि टाकीला बसवलेला डोळा ती चमक टिपे. तो जड कण आलाच, तर टाक्या ओळीनं, एकीमागून एक चमकणार होत्या आणि वर्षालीच्या पडद्यावर सरळ रेघ उमटणार होती. सांगाडा हलू नये म्हणून तळाशी पाषाणात आडवी भोकं पाडून गज ठोकले. देखरेख बंडूजींकडे आली. रोज सकाळी शिडीनं खाली उतरायचं, धूळ पुसायची आणि ओल नाही ना ते बघायचं.

"ओल दिसली तर लगेच सांगजा, काका," वर्षालीनं बजावलं. "पाणी आलं की खेळ खलास. सगळं उचलून न्या लागते."

"या इहिरीले पानी?" बंडूजी हसले. "तू निचित राह्य, पोरी."

गावानंही मग विहिरीकडे नव्यानं पाहिलं. फाट्यावर फ्लेक्स लागला, 'विश्वाचे रहस्य आता आंजीत'. वर आठ पुढाऱ्यांचे फोटो, खाली कोपऱ्यात हात जोडलेले बंडूजी. वर्षालीचा फोटो लावायला जागा उरली नव्हती. शाळेच्या सहली आल्या. ग्रामपंचायतीनं शाल आणि नारळ दिला. तो नारळ हातात घेताना बंडूजींनी सवयीनं पाहिलं, तो आडवाच राहिला. पंधरा ऑगस्टला त्यांना झेंड्याजवळची खुर्ची मिळाली आणि तानबा मागे उभा होता. एवढ्या वर्षांच्या हसण्यावर ती एक खुर्ची पुरी पडली. बंडूजींना आता देवाकडे एकच मागायचं होतं. ही विहीर अशीच राहू दे.

दिवाळीच्या सुमारास ते खाली उतरले, तेव्हा तळाशी एका गजाच्या मुळाशी पाषाण काळाभोर दिसला. त्यांनी बोट लावलं. बोट ओलं झालं.

त्यांनी खिशातलं फडकं काढून ते पुसलं. पुसलेल्या जागी पुन्हा ओल आली. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी ते हात हात खाली जात राहिले, ते पाणी खाली नव्हतंच. ते हातभर बाजूला होतं. पोरांनी गज ठोकायला आडवं भोक पाडलं आणि वाट मोकळी झाली. बंडूजी तिथेच बुडावर बसले. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. "आत्ता?" एवढंच ते पाण्याला म्हणाले. "आत्ता आला का रे, बाप्पा?"

पहिले काही दिवस फडक्यानं भागलं, मग बालटी लागली. मग माळ्यावरची मोटर उतरवावी लागली. इतकी वर्षं पोत्यात पडलेली मोटर कळ दाबताच सुरू झाली. पाण्यासाठी घेतलेली मोटर विहीर कोरडी करायच्या कामी आली, आणि त्या कामात तिनं कधी कुचराई केली नाही. वर्षाली दुपारी माहिती पाठवायला नेटवर्क शोधत गावात जाई आणि जेवूनच येई. तेवढ्यात बंडूजी विहीर उपसून घेत. मोटरीनं सांगाडा थोडा थरथरे, ते वर्षालीला पडद्यावर दिसे, पण त्याच वेळेला पलीकडच्या गिट्टी खदानीत सुरुंग उडत. ती खदानवाल्यांच्या नावानं बोटं मोडून तेवढा भाग काढून टाकी. मधे एकदा विजेची डीपी जळाली आणि मोटर बंद पडली, तेव्हा भल्या सकाळी बालटीनं उपसावं लागलं आणि थंडीत ओलंचिंब घरी येऊन घाम आला असं सांगावं लागलं. डीपी दुसऱ्याच दिवशी बदलून मिळाली. असं जिल्ह्यात कधी होत नाही, पण बंडूजींचे दिवसच तसे चालले होते.

उपसलेलं पाणी टाकायचं कुठे, हा खरा पेच होता. स्वतःच्या वावरात सोडलं तर यशोदाबाई पाहतील, गाव पाहील. म्हणून पाईप धुऱ्याच्या झुडपांतून नेऊन पलीकडच्या नालीत सोडला. पलीकडे तानबाचा चना होता.

त्या वर्षी तानबाचा चना असा माजला की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. आता तानबा म्हणजे कोणाच्या घरी काय शिजलं ते फोडणी बसायच्या आत गावभर करणारा माणूस. पण वावरात रोज दुपारी पाणी कुठून येतं, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा कोणाला सांगितलं नाही. एकदा पानठेल्यावर दोघांची गाठ पडली.

"बंडूभाऊ, इहीर कोरडीच हाये ना?" तानबानं विचारलं.

"कोरडीच हाये."

"असू द्या बाप्पा. कोरडी इहीर लय गुनाची."

दोघांनी आपापला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला आणि वेगवेगळ्या दिशांना बघत उभे राहिले.

असंच निभावलं असतं. पण एका रविवारी यशोदाबाईंनी वर्षालीला रात्री जेवायला बोलावलं. पोरगी रोज खानावळीत जेवते हे त्यांना बघवत नव्हतं. पुरणपोळ्या केल्या, तुपाची वाटी ठेवली. वर्षाली दोन पोळ्या खाऊन तिसरीला नको नको म्हणत होती, तेवढ्यात तिचं लक्ष यशोदाबाईंच्या ताटाकडे गेलं.

"काकू, तुम्ही भाकर काऊन खाऊन राह्यल्या?"

यशोदाबाईंनी नवसाचं सांगितलं. जशी बाजाराची गोष्ट सांगावी तशी, साधी सांगितली.

वर्षाली हसायला गेली आणि मधेच थांबली. "म्हणजे तुम्ही देवाला म्हणता पाणी लागू दे, आणि मी रोज म्हणते लागू नको देऊ. काकू, माझ्यामुळे तुमचा देव पण पेचात पडला असेल."

"तुहं काम मोठं हाये, बाई. माहं काय, पोळीच तं हाये," यशोदाबाई म्हणाल्या आणि बंडूजींकडे वळल्या. "पुरन बरं झालं ना?"

बंडूजी मधे बसले होते. एकीकडे पाणी मागणारी, दुसरीकडे पाणी नको म्हणणारी, आणि दोघींना द्यायचं उत्तर त्यांनी त्याच दुपारी तानबाच्या चन्यात सोडलं होतं. "लय गोड झालं," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आयुष्यात इतकी लाज त्यांना कोरड्या विहिरीचीही वाटली नव्हती.

संक्रांत झाली आणि एका सकाळी वर्षाली शेडमध्ये आली ती चप्पल काढायचीही विसरली. तिनं संगणक उघडून बंडूजींपुढे धरला. पडद्यावर काळ्या जागेत एक रेघ होती. वरच्या टाकीपासून खालच्या टाकीपर्यंत, सरळ, कुठे तुटली नव्हती.

"जुनी माहिती निवडत होते, त्यात सापडली. दत्तजयंतीची आहे, दुपारची. काका, बाकीचे कण इतके झपकन जातात की सगळ्या टाक्या एकदमच चमकल्यासारख्या दिसतात. हा निवांत गेला आहे. एकेक टाकी करत." तिचा आवाज कापत होता. "सर म्हणाले, आधी सगळं तपास. त्या वेळी विहिरीत कोणी होतं का, काही चालू होतं का. नसेल तर... जगात कोणालाच अजून दिसला नाही तो. आपल्या विहिरीत दिसला असेल."

आपल्या विहिरीत, म्हणाली ती.

बंडूजींना सगळं दिसलं. गप्प बसलं तर फाट्यावरचा फ्लेक्स जगभर लागेल. तानबा जन्मभर मागे उभा राहील. पोरगी मोठी होईल. आणि मग कोणीतरी, कधीतरी, मोटर शोधून काढील. त्यांना भैयाजी आठवले. पाणी नसताना पाणी आहे म्हणून सांगणारा माणूस काय करून ठेवतो, ते वीस वर्षं त्यांनी घरात ताटावर बसून पाहिलं होतं. तेच आपण या पोरीचं करायचं?

"पोरी," ते म्हणाले, "मी मोटर लावत होतो."

"कोणती मोटर?"

ते उठले. तिला शिडीनं खाली घेऊन गेले आणि टाक्यांखालचं फळकूट सरकवलं. खाली पाणी होतं, स्वच्छ, गार, वीतभर. वर्षालीनं त्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"रोज. दुपारी. तू गावात गेली का."

कबुली द्यायला बसलेला माणूस ठोक भावात देतो. एखादा दिवस इकडचा तिकडचा, तो पाखडत बसत नाही.

"म्हणजे तो रोजचा हादरा खदानीचा नव्हता," ती हळूच म्हणाली. "मग ही रेघही मोटरीचीच. सांगाडा एका टोकाकडून हलत गेला की टाक्या ओळीनं फसू शकतात." थोड्या वेळानं तिनं वर पाहिलं. "काका, लोक पाणी चोरतात. लपवणारे तुम्हीच पाहिले."

"माफ कर वं, पोरी. मले ही इहीर सोडवली नाई."

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. "बरं झालं सांगितलं," ती म्हणाली आणि ओल्याच हातानं डोळे पुसले.

आठवड्याभरात टाक्या गेल्या, सांगाडा गेला, शेडही गेलं. गज मात्र निघेनात, ते पाषाणातच राहिले. विहीर मोकळी होताच पाणी हातानं बोलावल्यासारखं वर आलं. भैयाजी पुलगावहून मुद्दाम येऊन काठावर उभे राहिले, "मी सांगतलं होतं ना, पानी हाये," म्हणाले आणि नारळ घेऊन गेले. पाणी आता बंडूजींच्या वावरात जाऊ लागलं, तसा तानबा बोलता झाला. बंडूभाऊनं एवढ्या शिकलेल्या पोट्टीला कसं फसवलं, ते त्यानं एका दिवसात गावभर केलं. पुढाऱ्यांचे वाढदिवस येत होते, फाट्यावरचा फ्लेक्स निघाला. वर्षालीनं फोनवर सांगितलं की निष्कर्ष लिहून झालाय, काही आढळलं नाही. त्यात आंजीचं नाव आहे. बंडूजी म्हणाले, "बरं."

यशोदाबाईंना त्यांनी कबुलीच्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. टाक्या गेल्यावर एका दिवशी त्यांनी चन्याची डाळ निवडायला घेतली.

पोळ्या झाल्या. मारुतीला नैवेद्य गेला. यशोदाबाई ताट घेऊन बंडूजींच्या समोर बसल्या, पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला. बंडूजी स्वतःचा घास हातात धरून बघत राहिले. यशोदाबाईंनी तो घास बराच वेळ चावला.

"गूळ कमी हाये," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं असंच करून राह्यली का मी? सांगतलं काऊन नाई कोनी?"

"चांगलं तं राह्यते," बंडूजी म्हणाले.

"तुमी सांगनार बी काय. पानी लागलं थे सांगतलं नाई, तं गुळाचं काय सांगान." त्यांनी दुसरा घास घेतला. "मले तं दत्तजयंतीलेच समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"पानी लागलं थे. डीपी जळाली नव्हती का त्या दिवशी? सकाळीच ओलेचिंब घरी आले अन् म्हने घाम आला. एवढ्या थंडीत! मंग दिवसभर गोधडी घेऊन पडून होते, संध्याकाळी जन्माच्या वक्ताले मीच उठवलं."

"मंग बोलली काऊन नाई वं?"

"नवस माहा होता. पानी तुमचं होतं. तुमी सांगाले पाह्यजे होतं."

बंडूजी काहीतरी बोलणार होते, पण त्यांचा हात ताटातच थांबला. दत्तजयंती. डीपी जळालेली. मोटर बंद, आपण दिवसभर घरी, पोरगी गावात. विहिरीत काळं कुत्रं नव्हतं. आणि तिच्या पडद्यावरची ती रेघ दत्तजयंतीची होती, दुपारची.

ती मोटरीची नव्हती.

आपण म्हणालो, रोज. तीन महिने खोटं बोललो त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही, आणि एकदा खरं बोलायला गेलो त्यात एवढा एकच दिवस खोटा निघाला. बंडूजी उष्ट्या हातानं उठले आणि डाव्या हातानं फोन लावला.

वर्षालीनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, दत्तजयंतीच ना? नक्की?"

"काकूले इचार. तिले सन बराबर याद राह्यते."

"पण आता त्याचा उपयोग नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र दत्तजयंतीची रेघ दाखवली त्या सकाळसारखा झाला होता. "एवढ्या गडबडीच्या विहिरीतलं कोणी मानणार नाही. एकदा दिसलेलं धरतच नाहीत. पुन्हा दिसावं लागते."

"पुन्हा कवा दिसन?"

"सांगितलं होतं ना. उद्या, नाहीतर शंभर वर्षांनी. आणि त्यालाही कोरडी जागा पाहिजे."

बंडूजी परत येऊन ताटावर बसले. पोळी निवली होती. तुकडा मोडता मोडता ते म्हणाले, "नाल्याकडच्या कोपऱ्यात अजून एक खंदतो म्हनतो."

"काय?"

"इहीर. कोरडी."

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नवरा शुद्धीवर आहे याची खात्री झाली, तेव्हा त्यांना जास्तच काळजी वाटली. "अन् थे कोरडी निंघन हे कोन सांगन?"

"भैयाजीले बलावतो. म्हनतो, तुहा नारळ जिथं उभा राहत नाई थे जागा दाखव."

"त्याचा नारळ तं सगळीकडंच उभा राह्यते."

हे खरं होतं. बंडूजींनी मान डोलावली. "मंग नवस बोला लागन," ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांची नजर यशोदाबाईंच्या ताटाकडे गेली. सवयच होती ती.

यशोदाबाईंनी ताट जरा स्वतःकडे ओढलं.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "या डाव तुमी बोला."

"मी काय सोडू?"

त्यांनी बोटानं त्यांच्या सदऱ्याचा खिसा दाखवला. बंडूजींनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली, एकदा नाकाशी नेली आणि ताटाशेजारी ठेवली. यशोदाबाईंनी ती उचलून कमरेला खोचली आणि दुसरी पोळी वाढून घेतली.